एकडोळीचं माहेर

गेवराईच्या स्टँडवर फुगलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, पिशवीवर ओला टॉवेल टाकलेली एखादी बाई तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती बहुतेक मीच. आता नाही दिसायची. आता गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत.

एकदा एका कंडक्टरनं पिशवीला बोट लावून विचारलं, यात काय हाय? मी म्हटलं, मासे. त्यानं टॉवेल उचलला, पिशवी उजेडाकडं धरली, वाकून पाहिलं. "मावशी, ह्यात तर नुसतं पाणी हाय." मी म्हटलं, "मग पाण्याचं तिकीट फाडा." झालं, अख्खी गाडी त्या पिशवीत डोकवायला लागली. मागच्या बाकावरचे एक बाबा तर शपथेवर सांगायला लागले की त्यांना एक मासा दिसला, चांगला हाताएवढा. मी टॉवेल परत टाकला. म्हाताऱ्या माणसाला इतक्या लोकांत कशाला खोटं पाडायचं. पण त्या पिशवीतला एकेक जीव जिऱ्याच्या दाण्याहून लहान होता, आणि लाखभर तरी होते. म्हणून तर आमच्या धंद्यात त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. कटला, रोहू, मृगळ यांची अंडी फुटली की निघतात ते जिरे. ते वाढवून बोटाएवढे केले की झाली बोटुकली. बोटुकली तळ्यात सोडायची, मोठी झाली की मासा. मधलं काम माझं. जिऱ्याची बोटुकली करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण जिरं इतकं लहान असतं की त्याला मारायला बगळा लागत नाही, साप लागत नाही. डोळ्याला न दिसणारा किडासुद्धा पुरतो. त्या किड्याचीच गोष्ट मला सांगायची आहे. माझ्या आयुष्यात माणसं लई आली, पण ह्या किड्याइतका विचार मी कुणाचा केलेला नाही. आमच्या घरचे म्हणायचे, "तेवढा माझा केला असता तर मी आणखी दहा वर्षं जगलो असतो." आणि असं म्हणत म्हणत ते चांगले पिकून गेले.

माझी शाळा चौथीत संपली. पुढचं सगळं शिक्षण मत्स्यबीज केंद्रावर, धरणाच्या काठी, रोजंदारीवर. आम्ही भोयाची माणसं, पाण्यातलं काम नवं नव्हतं. नवी होती ती काचेची नळी. तळ्याचं पाणी बादली बादलीनं बारीक जाळीतून ओतायचं, जाळीच्या टोकाला नळी बांधलेली असते, तिच्यात पाण्यातली सगळी जित्ती धूळ गोळा होते. मग चिमूटभर मीठ टाकायचं, धूळ मरून तळाशी बसते आणि किती बसली त्यावरून कळतं की या तळ्यात जिऱ्याला खायला काही आहे की नाही. साहेब लोक मीठ टाकून थर बघायचे. मला मीठ टाकायच्या आधी बघायची खोड. जित्तेपणी त्यांची चाल बघावी. कुणी एका जागी दोरीवरच्या उड्या मारल्यासारखं वरखाली करतं. कुणी लांब मिश्या दोन्हीकडं पसरून घारीसारखं तरंगतं आणि मधेच उडी घेतं. आणि एक असते, ती झटका देऊन पुढं, थांबली, झटका, थांबली. अशी की जणू चालता चालता प्रत्येक पावलाला काहीतरी आठवतंय. तिच्या कपाळावर एकच डोळा, लाल ठिपक्यासारखा. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या, बाजारातून येणाऱ्या बाईसारख्या. साहेबांनी नाव सांगितलं, सायक्लॉप्स. मी म्हटलं, साहेब, ही तर आमची एकडोळी.

कारण मी तिला आधीच ओळखत होते. आमच्या लहानपणी गावाला बारव होती, पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालूनच घागर भरायची. माझ्या आईच्या घोट्यातून नारू निघाला होता. पांढरा दोरा. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा, जोर लावला की तुटणार, तुटला की पाय सुजणार. आई ती काडी पायाला बांधून भाकरी करायची. मग दवाखान्याची माणसं आली, त्यांनी चित्र दाखवलं, पाण्यात एक एकडोळा किडा असतो, नारूचं पिल्लू त्याच्या पोटात, तो किडा पाण्यातून तुमच्या पोटात. दुहेरी कापडातून पाणी गाळून प्या, बास. आई मरेपर्यंत गाळत राहिली. नारू गेला, बारवेवर जाळी बसली, घरोघरी नळ आले, तरी आमच्या वयाच्या बाया अजून घागरीच्या तोंडाला पदर लावल्याशिवाय पाणी भरत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

केंद्रावरचं काम सुटल्यावर तलवाड्याजवळच्या आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी मिळून एक तळं घेतलं. नवं खोदलेलं, मातीचं. गटाची अध्यक्ष सखू, माझ्या चुलतदिराची बायको. जिभेची तिखट, कामाला वाघीण. पहिल्या पावसाळ्यात कालव्याचं पाणी भरलं, जिरे सोडले, बोटुकली अशी झाली की लोक केजहून जीप करून न्यायला आले. आम्हाला वाटलं, आपण शहाण्या.

दुसऱ्या वर्षी कालवा आलाच नाही. तळ्याला लागून सलीमभाऊंची मोसंबीची बाग. सलीमभाऊ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे, आमच्या घरच्यांचे दोस्त, मला वैनी म्हणणारे. त्यांनी नवीन बोअर घेतलं होतं, पाणी चांगलं लागलं होतं, नळ रोज येत नसे म्हणून गावातली निम्मी घरं तिथूनच प्यायला नेत. ते म्हणाले, माझ्या पाण्यानं भरा तळं, बोअर काय आटत न्हाई. भरलं. जिरे सोडले. आणि आठवड्यात तळं रिकामं. पाणी तसंच, हिरवंगार, छान. जिरे नाहीत. कडेला मेलेले काही सापडले ते भिंगाखाली धरले तर त्यांच्या शेपटीचे पदर कुरतडलेले.

सखूनं तिथंच बांधावर उभं राहून हिशेब मांडला. तळं तेच, बाया त्याच, जिरे त्याच केंद्राचे. बदललं काय? पाणी. "बागेवर औषध मारतोय ना तो. ते मुरून बोअरात उतरलं. अन् ते पाणी आपण पितोय बाई."

बोलायला वेळ लागतो, पसरायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी सलीमभाऊंच्या बोअरवर घागरींची रांग अर्धी झाली. मी सखूला नळी दाखवली. म्हटलं, हे बघ, औषध असतं तर आधी ही एकडोळी मेली असती, हिच्याहून नाजूक कोण आहे? आणि हिच्यानं तळं भरलंय. हीच जिऱ्याला कुरतडती. सखूनं नळी डोळ्याशी नेली, परत दिली आणि म्हणाली, "मग किडे त्याच्या पाण्यातून आले." म्हणजे मी सलीमभाऊंना एका खटल्यातून सोडवलं आणि दुसऱ्यात अडकवलं. आता गावात असं झालं की सलीमच्या पाण्यात किडे आहेत. आणि ज्या गावानं नारू पाहिलाय, त्या गावात पाण्यात एकडोळा किडा आहे म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रांग संपलीच.

सलीमभाऊ माझ्याकडं आले. भांडले नाहीत. चहा घेतला, कप खाली ठेवला, मग म्हणाले, "वैनी, माझ्या सुनेच्या माहेरात बी आता विचारतेत, तुमच्या पाण्याला काय झालं म्हणून. मी दोनशे फुटाखालचं पाणी काढतो. त्या अंधारात किडा कुठून येतो, एवढं सांगा मला. आला असल तर मी बोअर बुजवतो."

एवढं सांगा मला. मला काय माहीत? पण तो प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच. एकडोळी येते कुठून? तिला पंख नाहीत. पाय असे की जमिनीवर ठेवली तर जागची हलणार नाही. पहिल्या वर्षी का आली नाही, दुसऱ्या वर्षी एवढी का आली?

त्या हिवाळ्यात आम्हाला समुद्रकाठी प्रशिक्षणाला नेलं, जिल्ह्यातल्या गटांच्या बायांना. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. लोक म्हणतात लई मोठा वाटतो. मला पहिलं वाटलं ते असं की एवढ्या पाण्यात नळी कुठं घालायची. दुसऱ्या दिवशी बोटीतून नेलं. सखू बोट हलायच्या आधीच आडवी झाली आणि परत येईपर्यंत आडवीच राहिली. तिथं एक मॅडम होत्या, पोरीच्या वयाच्या, त्यांनी लांब मोज्यासारखी बारीक जाळी बोटीमागं सोडली, ओढली, टोकाची बाटली सोडवली. मी म्हटलं, दाखवा. बाटलीत तीच जित्ती धूळ. आणि त्यात एक काचेसारखी आरपार, लांब मिश्या आडव्या पसरून तरंगणारी, मधेच उडी.  ही तर आमच्या धरणातली घारीच्या चालीची. तिची समुद्रातली बहीण.

मॅडम म्हणाल्या, यांना कोपेपॉड म्हणतात, ही किनाऱ्याजवळची लहान जात आहे, एक मिलीमीटरची. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. अशा जाती गरम पाण्याच्या समुद्रात आहेत, बर्फाच्या समुद्रात आहेत, खाडीच्या तोंडाशी जिथं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथंही आहेत. पाण्यातली वनस्पतीची बारीक धूळ त्या खातात आणि तारली, बांगडा त्यांना खातात, म्हणजे अख्खा मासळीबाजार ह्या ठिपक्यावर उभा. पुष्कळ जाती दिवसा खाली जातात आणि रात्री वर येतात, माशाला दिसू नये म्हणून. अंड्यातून निघतं ते पिल्लू आईसारखं अजिबात दिसत नाही, नुसता पाय फुटलेला दाणा, आणि कात टाकत टाकत ते आईसारखं होतं. मी विचारलं, एवढ्या पाण्यात नरमादी भेटतात कसे? त्या हसल्या. म्हणाल्या, मादी पोहत जाते तिथं वास राहतो पाण्यात, काही जातींचे नर त्या वाटेवर निघतात. सखू आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "बीडहून इतक्या लांब येऊन किड्यांच्या सोयरिकी ऐका."

आणि मग मॅडमनी सहज एक गोष्ट सांगितली. त्यांच्या खाडीत ही जात वर्षातले काही महिने साफ नाहीशी होते. बादलीभर पाण्यातही एक सापडत नाही. मग एकदम परत येते. आधी वाटायचं की बाहेरच्या समुद्रातून भरतीबरोबर येत असेल. "पण ती बाहेरून येत नाही, काकू. खालच्या चिखलात तिची अंडी झोपलेली असतात. वेळ आली की उठतात. काही तर कितीतरी वर्षांनी उठतात."

मी बोटीचा कठडा धरला. मॅडमना वाटलं, मलाही लागली बोट.

मी त्यांना आमच्या तळ्याचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की माझं काम खाऱ्या पाण्याचं, तुमच्या तळ्याचं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण एवढं मला वाचून माहीत आहे की तुमच्या सायक्लॉप्सची अंडी नाही, अर्धी वाढलेली पिल्लंच गाळात शिरून झोपतात, तळं आटलं तरी. गाळ बघा.

गाळ. पहिल्या वर्षी तळं नवं, गाळच नव्हता. उन्हाळ्यापर्यंत पाणी राहिलं, कालव्यातून थोड्या एकडोळ्या आल्या असतील, त्या खाली जाऊन झोपल्या. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा आम्हाला वाटलं सगळं मेलं, ऊन लागलं, तळं शुद्ध झालं. आणि त्या भेगाळलेल्या मातीवर सलीमभाऊंचं पाणी पडलं.

पण हे मला वाटणं झालं. वाटण्यावर सखू गप्प बसणारी नाही, आणि माझंही समाधान होईना. मी उन्हाळ्याची वाट पाहिली. तळं आटलं, मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हा खालचं एक ढेकूळ काढलं. वाळून खडखडीत, टाकलं तर वाजेल असं. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या. एकीत सलीमभाऊंच्या बोअरचं पाणी, बाकी काही नाही. दुसरीत ते ढेकूळ आणि उकळून गार केलेलं पाणी. दोन्हींच्या तोंडाला कापड. आणि ठेवल्या कुठं? घरात नाही. सखूच्या ओसरीवर, येणारा जाणारा बघेल अशा. तिनंच म्हणावं कुठून काय आलं ते.

सखूची सून विचारायची, आत्याबाई, ही मातीची बरणी आपल्याकडं कावून? सखू म्हणायची, "समुद्राचं वारं लागलंय तुझ्या चुलतसासूला." पण तोंडाचं कापड कुणाला काढू दिलं नाही तिनं, हे सांगायला पाहिजे.

पहिले काही दिवस नुसतं गढूळ पाणी. सलीमभाऊ रोज दुकानाला जाता जाता थांबायचे, आधी आपली बरणी बघायचे, मग दुसरी, आणि पुढं निघायचे. मीसुद्धा मनातून धरून होते की आपण चुकलो असू शकतो. वाळलेल्या मातीत जीव राहतो हे मलाच पचत नव्हतं. पण मग एका सकाळी सखूचा निरोप आला, लगोलग ये. गेले तर ती ओसरीवर उकिडवी बसलेली, नाक बरणीला लावून. मातीच्या बरणीत ठिपका. झटका, थांबला. झटका, थांबला. मग दुसरा. सलीमभाऊंची बरणी काचेसारखी स्वच्छ.

सखूनं दोन्ही बरण्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाली, "आपल्याच मातीत हाय की गं. आपल्याच तळ्यात तिचं माहेर."

सलीमभाऊ आले. त्यांनी आपली बरणी उचलली, उन्हात धरली, परत ठेवली. मग मातीच्या बरणीत बघितलं आणि एवढंच म्हणाले, "लई चिवट हाय ही." त्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं थोडं.

तुम्हाला वाटेल, झालं. नाही झालं. सखूला पटलं, पण बोअरवरची रांग काही परत आली नाही. गाव म्हणायचं, बरणीचं काय सांगता, तळ्यात मासे जगून दाखवा त्याच पाण्यावर. आणि गावाचं चूक नव्हतं. औषधाचा संशय तर अजून जागच्या जागी होताच. म्हणजे आता जिरे जगले पाहिजेत, त्याच तळ्यात, सलीमभाऊंच्याच पाण्यात, नाहीतर त्या माणसावरचा डाग जाणार नव्हता.

गाळ शक्य तेवढा काढला, तो सलीमभाऊंनीच मोसंबीच्या आळ्यात टाकायला नेला. पण सगळा गाळ कधीच निघत नाही, म्हणजे एकडोळी येणारच. मग तिला जिऱ्यापासून लांब कसं ठेवायचं? मी सखूच्या दारात बसून हाच विचार करत होते आणि समोर सखू नळाचं पाणी घागरीत भरत होती. तोंडाला पदर लावून. दुहेरी.

मी हसायलाच लागले. आमच्या आयांना जे सांगितलं तेच. जिऱ्यांनी पण गाळूनच पाणी प्यायचं.

आम्ही जुन्या मलमलच्या धोतरांचे मोठे चौकोन शिवले, तोंड वर उघडं, आणि चार चार बांबूंना तळ्यातच बांधले, मच्छरदाणी उलटी टांगावी तसे. केंद्रावर याला हापा म्हणायचे, पण तिथं तो मोठ्या माशांसाठी जाड जाळीचा असायचा. आमचा मलमलचा. तळ्याचं पाणी आत येणार, मोठी एकडोळी बाहेर राहणार. पावसाळ्यात सलीमभाऊंचं पाणी सोडलं, पिशवी आणली, जिरे मलमलीच्या आत सोडले. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पाण्यात कालवायचा आणि तो चारायचा. रोज कापड बाहेरून हातानं पुसायचं, शेवाळ धरलं की पाणी आत येत नाही. सखू पुसता पुसता बाहेर लटकलेल्या एकडोळ्यांना शिव्या घालायची, नावं घेऊन, जशा काही तिच्या जावा.

जिरे वाढले. आता कापडात वाकून पाहिलं की खरंच मासे दिसायचे, डोळे आणि शेपटी. मला वाटलं, आता वेळ झाली. पण खात्री? नळीत बाहेरच्या एकडोळ्या धरल्या आणि त्यात हाप्यातला एक पोरगा सोडला. सखू एका बाजूला, सलीमभाऊ एका बाजूला, मधे नळी धरून मी. एकडोळी झटका देत त्याच्या जवळून गेली. पोरगा थबकला. वळला. आणि तोंड उघडलं ते मिटलं, बास. एकडोळी नाही. मग दुसरी नाही. जिनं त्याला काही दिवसांपूर्वी कुरतडून खाल्लं असतं ती आता त्याचा घास झाली. काही दिवस आडोसा मिळाला, एवढाच काय तो फरक.

आम्ही मलमलीचे कोपरे सोडले. तळं एकडोळ्यांनी भरलेलंच होतं, म्हणजे पोरांना पंगत वाढलेलीच होती. मी तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभी होते, आणि ती पोरं माझ्या लुगड्याभोवतीनं बाहेर पडत होती, हाताला गुदगुल्या करत.

आता मला लोक विचारतात की त्या बरणीचं काय केलं. ती आहे. पाणी आटू दिलं, माती परत खडखडीत झाली, फडताळात ठेवली आहे. माझी सून दर वर्षी लोणच्याला मागते. मी अधूनमधून पाणी घालून बघते, अजून उठतात का. त्या मॅडमना फोन करून सांगते. त्या म्हणतात, काकू, बरणीवर वर्ष लिहीत जा. आणि सलीमभाऊंच्या मोसंबीच्या आळ्यात गेलेल्या गाळात काय झोपलं असेल, तो वेगळाच प्रश्न माझ्या डोक्यात चालू आहे.

तर त्या वर्षी बोटुकली निघाली, गावानं बांधावर उभं राहून पाहिली, जाळ्यात चांदीसारखी उडणारी. बघून सगळे पांगले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलीमभाऊंकडं गेलते तर बोअरवर सखू उभी. वर्षभरानं. घागर घेऊन आलेली. मागं आणखी दोघीचौघी. तिनं घागर पाइपाखाली धरली आणि तोंडाला पदर लावला.

सलीमभाऊ मोटारीपाशी बसले होते. ते म्हणाले, "सखूबाई, अजून गाळताय? बरणी तर तुमच्याच ओसरीवर होती."

सखूनं पदर नीट केला, घागर भरेपर्यंत वर पाहिलं नाही. "सवय हाय, भाऊ. आमच्या घरच्या नळाला बी लावते. तुमच्या पाण्यावर राग न्हाई." मग घागर डोक्यावर चढवली, आणि ओंजळभर पाइपाचं पाणी घेतलं. ते मात्र तसंच प्यायली, न गाळता, सगळ्यांना दिसेल असं उभं राहून.